बूट पार्टिशन भरलं, नवा कर्नल अर्धवट, आणि लाईटचा भरवसा नाही

रातांबा (गुहागर)

नमस्कार मंडळी. घरच्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही सिस्टिम आहे, डिस्क पासवर्डने बंदिस्त केलेली. होमस्टेची बुकिंगं, पाहुण्यांची बिलं, सुपारीचा हिशोब, सगळं त्याच मशीनवर.

अपडेट मॅनेजरने नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) टाकायला घेतला आणि मध्येच अडकला. "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" असं म्हणतो. डिस्क तर अर्ध्याहून जास्त मोकळी आहे. डीएफ -एच (कुठे किती जागा उरलीय ते दाखवणारी कमांड) दिल्यावर कळलं की /बूट नावाचं, मशीन सुरू करायच्या फायलींचं, डिस्कचा वेगळा कप्पा म्हणजे पार्टिशन आहे, जेमतेम ७०४ एमबीचं, आणि तेच गच्च भरलंय. अपडेट मॅनेजरमधूनच एक जुना कर्नल काढला. तो गेला, पण शेवटी काहीतरी कुरकुर होतीच.

मशीन परत चालू केलं तर काळा पडदा: "कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)". बटण दाबून बंद केलं, पुन्हा चालू केलं, तर एरवी कधी न दिसणारा मेनू समोर आला. त्यातून ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन जुना कर्नल निवडला, सगळं सुरळीत सुरू. तेव्हापासून रोज तसंच चालवतेय.

आता प्रश्न. यातलं काय काढू आणि काय ठेवू? नवा कर्नल मोडला कसा? आणि हे निस्तरताना मध्येच लाईट गेली तर काय? पुतण्या गणपतीत येईल तेव्हा बघेलच, पण नेमकी तेव्हाच घरात पाहुण्यांची गर्दी असते. त्याच्या आधी उरकायचंय.

मालवणी_मासो (मालवण)

ताई, जुनो कर्नल चलता ना? मगे त्येका हात लावू नकात. नवो चलता काय ता आधी बघा, मगे जुन्याचा काय ता बघूया.
(जाणकार येतीलच. मी आपलो खुर्ची ओढून बसलंय.)

सड्यावरचा (देवगड)

रातांबाताई, आधी जीव भांड्यात पडू दे. तुमच्या डेटाला काहीही झालेलं नाही. जुन्या कर्नलने मशीन उघडतं याचा अर्थ डिस्क, पासवर्ड, फायली सगळं जागच्या जागी आहे.

/बूटमध्ये प्रत्येक कर्नलमागे चार फायली असतात. व्हीएमलिनझ म्हणजे खुद्द कर्नल, १४-१५ एमबी. इनिटआरडी म्हणजे सुरुवातीला मेमरीत उघडणारी छोटी फाइलसिस्टीम, सगळ्यात बोजड, ७० एमबीच्या आसपास, एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याहून जास्त. सिस्टिम.मॅप ८-९ एमबी, आणि कॉन्फिग नावाची किरकोळ टेक्स्ट फाइल. म्हणजे एका कर्नलला नव्वदेक एमबी. सहा-सात साठले की ७०४ एमबी संपले. शिवाय नवी इनिटआरडी बनवताना ती आधी .न्यू शेपटीच्या वेगळ्या नावाने लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावरच खऱ्या नावावर येते. त्यामुळे तेवढी जागा कायम मोकळी लागते. नेमकी तिथे गाडी अडली.

आता काय करायचं ते. (कमांडी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टंकायच्या.)

पहिली: यूनेम -आर. आत्ता कोणत्या कर्नलवर आहात ते ही सांगते. तो आकडा कागदावर लिहा. त्या आकड्याच्या एकाही फायलीला हात लावायचा नाही. बाकी काहीही चुकलं तरी चालेल, हे चुकता कामा नये.

मग एलएस -एलएच /बूट द्या आणि यादी इथे टाका. यादी बघितल्याशिवाय मी पुढची कमांड सांगणार नाही. लोक थेट आरएम (फाइल पुसायची कमांड) सांगून मोकळे होतात. फाइल हाताने उडवली की फाइल जाते, पण पॅकेजच्या वहीत तो कर्नल अजून नांदतोय अशीच नोंद राहते. मग पुढच्या अपडेटला निराळाच गोंधळ.

रातांबा

यादी जशीच्या तशी टाकत नाही, फार लांब आहे. ६.८ चे सहा कर्नल दिसतात. सध्या शेवटून दुसऱ्यावर आहे. आणि हो, सगळ्यात नव्याची व्हीएमलिनझ आहे, पण त्याच्या जोडीची इनिटआरडी दिसतच नाही!

सड्यावरचा

मग तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलंत.

कर्नलचं पॅकेज बसलं की काही छोट्या स्क्रिप्टा नावाच्या अक्षरक्रमाने एकामागून एक चालतात. आधी डीकेएमएस (वायफाय, ग्राफिक्सचे बाहेरचे ड्रायव्हर बांधणारी), मग इनिटआरडी बनवणारी, आणि शेवटी ग्रबचा (मशीन चालू होताना कर्नल निवडून सुरू करणारा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर) मेनू नव्याने लिहिणारी. ग्रबवालीचं नाव मुद्दाम झेडझेडने सुरू होतं, म्हणजे ती शेवटीच यावी. तुमच्याकडे इनिटआरडीच्या पायरीवर जागा संपली, साखळी तुटली, ग्रबची पाळी आलीच नाही. इथवर थांबलं असतं तर नवा कर्नल मेनूत आलाच नसता आणि तुम्हाला पत्ताही लागला नसता.

पण तुम्ही नंतर एक जुना कर्नल काढलात. कर्नल काढतानाही ग्रबचा मेनू नव्याने लिहिला जातो. त्या वेळी ग्रबला नवी व्हीएमलिनझ दिसली, जोडीची इनिटआरडी दिसली नाही. ग्रब तक्रार करत नाही, इनिटआरडीविनाच नोंद करून मोकळा होतो, आणि सगळ्यात नवा कर्नल म्हणून ती नोंद पहिल्या नंबरावर. कर्नल उठला, पण डिस्कचं कुलूप उघडायची हत्यारं इनिटआरडीत असतात, आणि तीच नाही. म्हणून अननोन-ब्लॉक(०,०). त्या दोन शून्यांचा अर्थ "रूट म्हणून मला कुठलंच डिव्हाइस सापडलं नाही" एवढाच. हे बघून डिस्क गेली म्हणत नवी डिस्क विकत घेणारे लोक मी पाहिलेत.

दुसऱ्या खेपेला मेनू आपोआप कसा दिसला? उबुंटू आणि मिंटचा ग्रब प्रत्येक बूटच्या सुरुवातीला रेकॉर्डफेल नावाची खूण करून ठेवतो आणि सिस्टिम नीट वर आली की ती पुसतो. पॅनिक झालं की पुसायला कोणी उरत नाही. मग पुढच्या वेळी मेनू ३० सेकंद उघडा राहतो. आपल्याकडे लाईट जाऊन अर्ध्यात बंद पडलेल्या मशीनवरही हेच होतं, ते बिघाडाचं लक्षण नव्हे.

आता उपाय. याच क्रमाने:

सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -डी -के आणि पुढे सगळ्यात जुन्या कर्नलचा पूर्ण आकडा, जेनेरिक या शेपटीसकट. त्याने फक्त त्याची इनिटआरडी जाते आणि ७० एमबी मोकळे होतात. तो कर्नल आता बूट होणार नाही, पण तो तसाही जाणाराच आहे. मग लगेच

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

म्हणजे अर्धवट राहिलेलं काम पूर्ण होईल. जागा पुन्हा कमी पडली तर त्याच्यापुढच्या जुन्यावर हेच करा. मग सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल, आणि सगळं शांत झाल्यावर सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज. ते काय काढणार ते आधी दाखवतं. यादी वाचा, तुमचा चालू आकडा त्यात नाही ना ते बघा, मगच वाय दाबा.

रीस्टार्ट करायच्या आधी एलएस -एलएच /बूट परत. प्रत्येक व्हीएमलिनझला जोडीची इनिटआरडी हवी आणि तिचा आकार शून्य नको. तुमची डिस्क बंदिस्त आहे म्हणून आणखी एक: एलएसइनिटरॅमएफएस या कमांडला नव्या इनिटआरडीचा पत्ता द्या आणि येणाऱ्या यादीत क्रिप्टसेटअप (डिस्कचं कुलूप उघडायचं हत्यार) शोधा. सापडलं तर निर्धास्त रीस्टार्ट करा.

डोंबिवलीकर_चाकरमानी

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? ग्रब काढून टाका, सिस्टिमडी-बूट हा दुसरा बूटलोडर लावा. लोडर फोल्डरमध्ये प्रत्येक कर्नलमागे चार ओळींची एक टेक्स्ट फाइल: नाव, कर्नल, इनिटआरडी, ऑप्शन्स. वाचता येते, हाताने दुरुस्त करता येते. ग्रबची कॉन्फिग फाइल उघडली की माणूस हाय खातो.

सड्यावरचा

दादा, सुटसुटीत आहे हे मान्य, माझ्या लॅपटॉपवर मीही तेच वापरतो. पण त्याला कर्नल आणि इनिटआरडी फॅट फाइलसिस्टीमच्या पार्टिशनवर लागतात, म्हणजे बहुतेक घरी ईएफआयच्या (बूटलोडर ठेवायच्या) पार्टिशनवर. विंडोजसोबत आलेल्या मशीनवर ते अनेकदा १०० एमबीचं असतं. जागेच्या अडचणीवर याहून लहान खोलीत राहायला जा असं सांगण्यातला प्रकार झाला. आणि मिंटवर ग्रब काढला की पुढे प्रत्येक अडचणीला ताईंना तुमच्याशिवाय वाली नाही. तुम्ही डोंबिवलीत, त्या गुहागरात.

डोंबिवलीकर_चाकरमानी

वालीचं पटलं. पण आर्च लिनक्सवाल्यांना जुने कर्नल सांभाळायची भानगडच नाही हेही लिहा.

सड्यावरचा

कारण आर्च जुना कर्नल ठेवतच नाही! नवा आला की जुना पुसला. म्हणून तर शहाणे आर्चवाले सोबत एलटीएस (दीर्घकाळ पाठिंब्याचा) कर्नल ठेवतात. म्हणजे फिरून मेनूत दोन नोंदी हव्यातच ना.

खारावारा (रत्नागिरी)

माझा धंदा मशीन दुरुस्तीचा, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. रातांबाताईंचं दुखणं खरंच कर्नलचं आहे. पण पावसाळ्यात "बूट होत नाही" म्हणून येणाऱ्या मशीनांत बूटलोडरचा दोष असलेली थोडीच. लोक ग्रब परत टाकत बसतात आणि खोट दुसरीकडेच.

पहिला संशय बॅटरीवर. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी दिसते ती, सीआर २०३२, तीन व्होल्टची. मशीन प्लगला असतं तोवर घड्याळ पुरवठ्यावर चालतं, प्लग काढला की या बॅटरीवर. आपल्याकडे विजा कडाडायला लागल्या की सगळे प्लग काढून ठेवतात, ते बरोबरच आहे, पण बॅटरी त्यातच संपते. वर खारी हवा. बॅटरी ज्या पितळी पट्टीवर टेकते ती हिरवी पडलेली मी कितीदा खरवडलीय. नवी बॅटरी घालूनही घड्याळ मागे पडत असेल तर पट्टी बघा.

बॅटरी मेली की नुसतं घड्याळ चुकत नाही, बऱ्याच बोर्डांवर बायोसची (मदरबोर्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरची) सेटिंगं कारखान्यातल्यासारखी होतात. त्यातून तीन सोंगं निघतात:

एक, बूटची पद्धत युईएफआयवरून (नवी) लेगसीवर (जुनी) जाते किंवा उलट. डिस्क ठणठणीत, ग्रब ठणठणीत, आणि पडद्यावर "नो बूटेबल डिव्हाइस".

दोन, साटाचा म्हणजे डिस्कच्या जोडणीचा मोड एएचसीआयवरून रेडवर जातो. काही ब्रँडेड मशीनांत कारखान्याचं सेटिंगच रेड असतं. मग ग्रब येतो, कर्नल सुरू होतो आणि डिस्क सापडत नाही म्हणून इनिटरॅमएफएसच्या प्रॉम्प्टवर बसून राहतो. दिसायला अगदी मोडलेल्या कर्नलसारखं.

तीन, सिक्युअर बूट (सही केलेलं सॉफ्टवेअरच चालू देणारं सेटिंग) आपोआप चालू होतो. कर्नल चालतो, कारण तो सही केलेला असतो, पण डीकेएमएसने घरी बांधलेला वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर सहीविना असेल तर तो नाकारला जातो. गिऱ्हाईक म्हणतं, "कालपर्यंत वायफाय होतं, अपडेटने घालवलं."

तेव्हा पेनड्राईव्हने ग्रब दुरुस्त करायच्या आधी बायोसमध्ये जा आणि तारीख बघा. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर तिथेच थांबा, आधी बॅटरी बदला. आणि चालत्या मशीनच्या बायोसच्या चारही पानांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. हे आजच करा.

पोफळी (श्रीवर्धन)

खारावारा, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ३ जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ आमच्यावरूनच गेलं. पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, कित्येक दिवस अंधार. लाईट आल्यावर मशीन लावलं तर डिस्क तपासणीत अडकलं: "सुपरब्लॉक लास्ट माउंट टाइम इज इन द फ्युचर". म्हणजे डिस्क म्हणते मला शेवटचं २०२० मध्ये वापरलंय, आणि घड्याळ म्हणतं अजून २०१२ चालू आहे. बायोसमध्ये तारीख दुरुस्त केली, एफएससीके (डिस्कची तपासणी) होऊ दिलं, सुरू झालं. घड्याळ मागे असलं की ब्राउझर प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्राला नावं ठेवतो आणि अपडेट आणणारं एपीटीही रिलीज फाइल अजून लागू झालेली नाही म्हणून अडवतं, हेही नोंदवून ठेवा.

माझा प्रश्न: इन्व्हर्टर आहे घरात. तरी लाईट गेली की मशीन बंद पडून परत सुरू होतं. मग त्याच्या भरवशावर कर्नल अपडेट करावं का?

खारावारा

काका, इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक खटका असतो, यूपीएस आणि इको (कुठे नॉर्मल लिहिलेलं असतं). इकोवर बदल व्हायला वेळ लागतो, पंखा-दिव्यांना कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं. खटका यूपीएसवर घ्या. पण त्या मोडमध्ये तो कमी-जास्त व्होल्टेज सहन करत नाही, वरचेवर बॅटरीवर येतो. तुमच्या भागात व्होल्टेज फार खेळत असेल तर कॉम्प्युटरला वेगळा छोटा यूपीएस बरा. कर्नल बसायला काही मिनिटंच लागतात, तेवढा तो नक्की काढतो.

सड्यावरचा

आणि अपडेट सकाळच्या उघडिपीत करा. वळवाच्या दिवसांत चार वाजता आभाळ भरून आलंय आणि आपण अपडेटचं बटण दाबतोय, असं नको. पण म्हणून चार महिने कर्नल अपडेट बंदही ठेवू नका, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात.

कातळशिल्प (राजापूर)

धाग्यावर जरा अतिक्रमण. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून त्याच मशीनवर त्याच्या शेजारी डेबियन १२ (लिनक्स) टाकलं. टॅलीसाठी विंडोज ठेवलंय, पण ग्रबच्या मेनूत ते दिसतच नाही. गेलं काय?

सड्यावरचा

नाही हो. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिमा शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फायलीत ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स ही ओळ चालू करा, सुडो अपडेट-ग्रब द्या, "फाउंड विंडोज बूट मॅनेजर" असं दिसलं की झालं. आणि विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर ग्रबच गायब झाला, थेट विंडोज उघडायला लागलं, तर घाबरू नका. बहुतेक वेळा बायोसमधला बूटचा क्रम बदललेला असतो, डेबियन परत वर आणलं की काम होतं.

रातांबा

झालं!! आज सकाळी, बॅटरी भरलेल्या यूपीएसवर. दोन जुन्यांच्या इनिटआरडी काढाव्या लागल्या, एकाने भागलं नाही. डीपीकेजीने अर्धवट काम पुरं केलं. ऑटोरिमूव्हने तीन कर्नल काढतो म्हणून विचारलं, कागदावरचा आकडा ताडून पाहिला, मग हो म्हटलं. यादीत क्रिप्टसेटअप दिसलं. आता /बूट निम्म्याहून जास्त मोकळं आहे आणि नव्या कर्नलवरून हे लिहितेय. अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशनखाली जुने कर्नल आपोआप काढायचा पर्याय सापडला, तोही चालू केला. तो चालत्या कर्नलला काढणार नाही ना?

सड्यावरचा

फक्कड! नाही, चालता आणि सगळ्यात नवे ठेवूनच बाकीचे काढतो.

आता मेनू. तो एरवी लपलेला असतो आणि नेमका गरजेला बोलवावा लागतो. युईएफआय मशीनवर एस्केप एकदाच दाबायचं, जास्त दाबलं की ग्रबच्या प्रॉम्प्टवर जाऊन पडता (तिथे नॉर्मल लिहून एंटर आणि लगेच एकदा एस्केप). जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवायचं. घरातल्या इतरांना हे कोण शिकवणार? त्यापेक्षा मेनू रोज दिसू दे. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेनू करा, ग्रब_टाइमआउट (मेनू किती सेकंद दिसावा) शून्य असेल तर तेही बदला, आणि सेव्ह करून सुडो अपडेट-ग्रब. /बूट/ग्रबमधली ग्रब.सीएफजी मात्र थेट बदलू नका, पुढच्या कर्नलला ती नव्याने लिहिली जाते आणि तुमचे बदल वाहून जातात.

मालवणी_मासो

मेनू रोज दिसलो तर आमचो बापूस रोज इचारतलो, "ह्या काय इला?"

रातांबा

सासूबाईही विचारतील, सांगेन. स्टाइल=मेनू केलं आणि टाइमआउट=-१ ठेवलं, म्हणजे कोणी घाई करून चुकीचं काही उघडणार नाही.

खारावारा

उणे एक नको ताई. त्याने मेनू कोणी एंटर दाबेपर्यंत तसाच थांबतो. तुमच्या बायोसमध्ये लाईट आल्यावर मशीन आपोआप चालू व्हायचं सेटिंग असेल तर लाईट रात्री दोनला येणार आणि मशीन सकाळपर्यंत मेनूवर ताटकळत बसणार.

रातांबा

ते सेटिंग चालू आहे खरं. डिस्कच्या पासवर्डला ते तसंही थांबतंच, पण मेनूवर नको. टाइमआउट १० केलं, अपडेट-ग्रब दिलं, रीस्टार्ट करून बघितलं. बायोसच्या पानांचे फोटोही काढले. तारीख बरोबर आहे.